लिनक्सवर मॉनिटरची सेटिंग रोज उडते? बहुतेक ती उडत नाहीये, भलत्याच खात्यात जमा होतेय

सकाळी लॅपटॉप चालू केला की माझा एक ठरलेला व्यायाम असायचा. मान डावीकडे नव्वद अंशात वाकवायची आणि पासवर्ड टाकायचा. डावीकडचा २४ इंची मॉनिटर मी उभा लावलाय, लॉग आणि कोड वाचायला उभा बरा पडतो, आणि उबंटूची लॉगिन स्क्रीन त्याच्यावर आडवी झोपलेली असायची. बरं आत गेलं की संपलं असंही नाही, आत कधी उभा मॉनिटर नीट उभा असायचा पण डावीकडचा उजवीकडे गेलेला, म्हणजे माउस डावीकडे न्यावा तर भिंत लागते आणि उजवीकडे नेला की डावीकडच्या स्क्रीनवर उगवतो. कधी सगळं जागच्या जागी. कधी मोठा २७ इंची मॉनिटर १०२४ बाय ७६८ वर, एकेक आयकॉन वडापावाएवढा. मग सेटिंग्ज, डिस्प्लेज, चौकोन ओढून जागेवर लावा, अप्लाय, कीप चेंजेस. दुसऱ्या दिवशी परत तेच. आईने एकदा विचारलं, रोज सकाळी उठून काय मांडामांड करत असतोस रे, भातुकली आहे का ती.

आठेक महिने मी हे असंच चालवलं, कारण डोक्यात एकच बसलेलं की सेटिंग सेव्हच होत नाहीये. ते साफ चूक होतं. सेटिंग दर वेळी व्यवस्थित सेव्ह होत होती, फक्त ज्या नावाने ती जमा झाली त्या नावाने दुसऱ्या दिवशी कोणी मागायलाच येत नव्हतं. म्हणजे बँकेत रोज पैसे भरतोय, पावतीही मिळतेय, पण खातं नंबर रोज वेगळा. आणि मुळात ही एक भानगड नव्हती, तीन होत्या, एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे एक सुटली तरी दुसरी तोंड वर काढायची आणि वाटायचं काहीच फरक पडला नाही.

खाली कमांडा उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, फोनवर एखाद्याला सांगतो तशा. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या.

आधी माझा गाढवपणा सांगतो, कारण दहातले आठ लोक इथूनच सुरुवात करतात. नेटवर शोधलं की पहिलं उत्तर मिळतं एक्सरँडआर (मॉनिटर फिरवायची, हलवायची कमांड) वापरा. मी एक स्क्रिप्ट लिहिली, आउटपुट अमुक, रोटेट लेफ्ट, पोझिशन तमुक, सुरुवातीला स्लीप ५, आणि स्टार्टअप ॲप्लिकेशन्समध्ये टाकून दिली. काहीच झालं नाही. मग स्लीप १० केलं, मग १५. तरी नाही. कारण माझं सेशन होतं वेलँडचं, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवायच्या नव्या पद्धतीचं, आणि एक्सरँडआर हे त्याच कामाच्या जुन्या एक्स सर्व्हरशी बोलणारं हत्यार आहे. वेलँडमध्ये त्याच्यासमोर नुसता एक नकली एक्स सर्व्हर उभा असतो, त्याने मॉनिटरांची यादी दाखवली तरी फिरवाफिरवीचा अधिकार त्याच्याकडे नसतो. एक्सरँडआर नुसतं चालवून बघा, मॉनिटरांच्या नावात एक्सवेलँड शून्य, एक्सवेलँड एक असं काही दिसलं तर समजा की तुम्ही बंद दुकानाचं शटर वाजवताय. नव्या व्हर्जनमध्ये तिथे खरी नावं दिसतात, त्यामुळे फसायला आणखी सोपं झालंय. नक्की काय आहे ते बघायला टर्मिनलमध्ये इको, स्पेस, डॉलर आणि त्याला चिकटून कॅपिटल अक्षरांत एक्सडीजी अंडरस्कोर सेशन अंडरस्कोर टाइप. उत्तर वेलँड येईल नाहीतर एक्स ११. नाहीतर सेटिंग्जमध्ये अबाउटच्या पानावर विंडोइंग सिस्टिम म्हणून लिहिलेलं असतंच.

हे आता टाळताही येत नाही. फेडोराने २०१६ मध्ये आवृत्ती २५ पासून वेलँड डीफॉल्ट केलं, उबंटूने २१.०४ पासून, आणि उबंटू २५.१० मध्ये तर ग्नोमचं, म्हणजे उबंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपचं, एक्सवालं सेशनच काढून टाकलं. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचं उत्तर कॉपी पेस्ट करण्याआधी हे एवढं बघाच.

आणि समजा तुम्ही एक्सवर असाल, तरी एक्सरँडआरने केलेला बदल त्या चालू सर्व्हरपुरताच असतो, लॉगआउट केलं की गेला. तो कुठेच लिहून ठेवला जात नाही आणि ठेवावा असं त्याचं कामच नाही. लिहून ठेवणारा वेगळा असतो, तुमचा डेस्कटॉप. ग्नोम असेल तर ग्नोम, केडीई असेल तर केडीई, आणि प्रत्येकाची वही वेगळी. स्क्रिप्ट टाकली की होतं काय, लॉगिन झाल्यावर डेस्कटॉप आपल्या वहीतून एक मांडणी लावतो, पाच सेकंदांनी तुमची स्क्रिप्ट दुसरी लावते, मग मॉनिटर झोपून उठला की डेस्कटॉप परत आपली लावतो. स्क्रीन दोनदा काळी होते, विंडो इकडच्या तिकडे पळतात. दोन सुनांनी एकाच आमटीत मीठ घालायचं. वही लिहिणारा एकच ठेवा.

तर ग्नोमची वही. होम फोल्डरमध्ये डॉट कॉन्फिग, त्यात मॉनिटर्स डॉट एक्सएमएल. साधी टेक्स्ट फाईल आहे, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते, आणि मी जर पहिल्याच आठवड्यात ही उघडून वाचली असती तर आठ महिने वाचले असते. त्यात कॉन्फिगरेशन नावाचे ब्लॉक असतात. प्रत्येक ब्लॉकमध्ये मॉनिटर कुठे, केवढा, किती फिरवलेला, प्रायमरी कोण, हे तर असतंच, पण महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक मॉनिटरच्या ओळखीच्या चार गोष्टी असतात: कनेक्टर म्हणजे कुठल्या पोर्टला लागलाय, व्हेंडर म्हणजे कंपनीची तीन अक्षरं, प्रॉडक्ट म्हणजे मॉडेल, आणि सीरियल नंबर. ग्नोम काय करतो, आत्ता जोडलेले जेवढे मॉनिटर आहेत त्या सगळ्यांच्या या चारही गोष्टी घेतो आणि वहीत अगदी तस्साच संच शोधतो. सापडला तर ती मांडणी लावतो. एकाही मॉनिटरच्या एकाही गोष्टीत फरक असला तर "हा काही आपल्या ओळखीचा नाही" म्हणून स्वतःच्या मनाने सगळे एका रांगेत आडवे लावून टाकतो.

माझ्या फाईलमध्ये असे अकरा ब्लॉक निघाले. अकरा! मॉनिटर दोनच. नीट वाचत गेलो तर उभा मॉनिटर एका ब्लॉकमध्ये डीपी ५ ला (डीपी म्हणजे डिस्प्लेपोर्ट), दुसऱ्यात डीपी ६ ला, तिसऱ्यात डीपी ८ ला, आणि दोन ब्लॉक तर असे की मोठ्या मॉनिटरचं व्हेंडर अननोन, प्रॉडक्ट अननोन, सीरियल अननोन. रोज सकाळी मी मन लावून मांडणी करत होतो आणि ग्नोम ती इमानदारीत नव्या खात्यात टाकत होता.

मग प्रश्न उरला की डीपीचा नंबर का बदलतो. तो बदलत होता डॉकमुळे. माझ्याकडे टाइप सीवर चालणारा डॉक आहे, एक केबल लॅपटॉपला लावली की चार्जिंग, कीबोर्ड, नेट, मॉनिटर सगळं एकदम. अशा बऱ्याच डॉकमध्ये एकाच डिस्प्लेपोर्टच्या वायरीतून दोन-तीन मॉनिटर वाटून द्यायची सोय असते, तिला एमएसटी म्हणतात. लॅपटॉपवरचं एचडीएमआयचं तोंड हे बोर्डावर सोल्डर केलेलं, त्याचं नाव कायमचं. पण एमएसटीमागचे पोर्ट कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, डॉक लावल्यावर कळतात, तेव्हा तो त्यांच्यासाठी कनेक्टर जागेवर बनवतो आणि डॉक काढला की मोडतो, परत लावला की मिळणारा नंबर तोच असेल याची खात्री नाही. मी रोज संध्याकाळी लॅपटॉप उचलून दिवाणखान्यात न्यायचो आणि सकाळी परत डॉकला लावायचो, तेही कधी बूट व्हायच्या आधी कधी नंतर. नंबर बदलणारच.

यावर मी काय केलं, तर उभ्या मॉनिटरला डॉकमधून काढलं. लॅपटॉपला टाइप सीची दोन तोंडं आहेत, एकाला डॉक ठेवला चार्जिंग आणि यूएसबीपुरता, दुसऱ्याला सरळ टाइप सी ते डिस्प्लेपोर्ट केबल. घेण्याआधी एवढं बघून घ्या की त्या तोंडाशेजारी डिस्प्लेपोर्टची खूण आहे का, सगळ्या टाइप सीमधून चित्र येत नाही. तेव्हापासून तो कायम डीपी १ आहे. एका केबलची चैन गेली, आता दोन लावाव्या लागतात, पण मान सरळ राहते. ज्यांना डॉक सोडायचाच नाही त्यांनी निदान डॉक बूट व्हायच्या आधी लावायची सवय ठेवा आणि मॉनिटर डॉकच्या त्याच त्याच पोर्टला ठेवा, बराच फरक पडतो, शंभर टक्के नाही. डिस्प्लेलिंकवाले डॉक हा वेगळा प्राणी आहे, त्यांना स्वतःचा ड्रायव्हर लागतो आणि कर्नल अपडेटनंतर तो परत बनला नाही तर मॉनिटर अजिबातच येत नाही. ते सेटिंग उडणं नव्हे, त्याचा इलाज इथे शोधू नका.

आता ते अननोन. मॉनिटर स्वतःची ओळख लॅपटॉपला सांगतो ती ईडीआयडी नावाच्या एका छोट्या माहितीतून, १९९४ पासूनची पद्धत आहे, मूळ तुकडा फक्त १२८ बाइटचा. त्यात कंपनी, मॉडेल, सीरियल, कुठली रिझोल्यूशन चालतात ते सगळं. ही माहिती वाचताच आली नाही तर लॅपटॉपला एवढंच कळतं की समोर कोणीतरी आहे, मग तो घाबरून १०२४ बाय ७६८ लावतो. माझ्या मोठ्या मॉनिटरच्या मध्ये मी एक स्वस्तातला एचडीएमआय स्विच बसवला होता, ऑफिसचा लॅपटॉप आणि माझा दोन्ही त्याच मॉनिटरवर बटण दाबून बदलता यावेत म्हणून. हे महाराज बटण दाबलं की ईडीआयडी कधी पुढे पाठवायचे कधी नाही.

तपासायचं असं. स्लॅश सिस, क्लास, डीआरएम या फोल्डरमध्ये प्रत्येक पोर्टाच्या नावाचं फोल्डर असतं, कार्ड शून्य डॅश एचडीएमआय डॅश ए डॅश १ असं काहीतरी, नव्या कर्नलवर कार्ड शून्यऐवजी कार्ड एकही असू शकतं. त्यात ईडीआयडी नावाची फाईल आहे. ती कॅटने वाचून पाइपने डब्ल्यूसी डॅश सीला द्या म्हणजे बाइट मोजले जातील. १२८ किंवा २५६ आले, किंवा त्याहून जास्त, तर ओळख येतेय. शून्य आलं तर मधली वायर, स्विच, कन्व्हर्टर यांच्यातच कोणीतरी चोर आहे. एलएसने फाईलचा आकार बघू नका, तिथे नेहमी शून्यच दिसतो, मी त्यावरून एक अख्खी संध्याकाळ चुकीच्या दिशेने गेलोय.

सोपा इलाज म्हणजे स्विच काढून टाका आणि सरळ केबल लावा. मी तेच केलं. पण एखाद्याला काढणं शक्यच नसेल, समजा केबल भिंतीतून गेलीय किंवा केव्हीएम (एकच कीबोर्ड, माउस, मॉनिटर दोन कंप्युटरना वापरायचा स्विच) लागतोच, तर दुसरा मार्ग आहे: मॉनिटर सरळ लावलेला असताना त्याची ईडीआयडी एकदा फाईलमध्ये उतरवून घ्या, ती लिब, फर्मवेअर, ईडीआयडी या फोल्डरमध्ये ठेवा, आणि ग्रबमध्ये (लिनक्स बूट करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) कर्नलला डीआरएम डॉट ईडीआयडी अंडरस्कोर फर्मवेअर हा पॅरामीटर देऊन सांगा की अमुक पोर्टासाठी ही फाईल वापर. इथे पोर्टाचं नाव कर्नलवालं द्यायचं, म्हणजे एचडीएमआय डॅश ए डॅश १, ग्नोममध्ये दिसतं ते एचडीएमआय १ नाही. नंतर अपडेट ग्रब. आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर जर इनिटरॅमएफएसमध्येच, म्हणजे बूटच्या अगदी सुरुवातीला मेमरीत येणाऱ्या छोट्या फाईल सिस्टिममध्येच, लोड होत असेल तर ती फाईल इनिटरॅमएफएसमध्येही जायला हवी, नाहीतर त्या क्षणी ड्रायव्हरला ती सापडत नाही आणि तुम्ही म्हणाल सगळं केलं तरी चालत नाही. हा रस्ता जरा खोलातला आहे, ज्याला ग्रबमध्ये हात घालायची सवय नाही त्याने आधी केबल बदलून बघावी.

नाव पक्कं झालं की जुना कचरा काढा. मॉनिटर्स डॉट एक्सएमएल डिलीट नका करू, नाव बदलून ठेवा, लॉगआउट, लॉगिन, मग शांतपणे एकदा मांडणी करा. अप्लाय केल्यावर कीप चेंजेसचा डायलॉग येतो त्याला २० सेकंदांत हो म्हणायचं असतं, नाहीतर सगळं मागे जातं आणि लिहिलंही जात नाही. मी चहा घ्यायला उठायचो त्यात दोनदा हे झालंय. एवढं करूनही फाईल तयारच होत नसेल तर दोन गोष्टी बघा, डॉट कॉन्फिग फोल्डरचा मालक कोण आहे ते, कारण कधीतरी सुडो (ॲडमिनचे म्हणजे रूटचे अधिकार देणारी कमांड) लावून एखादा प्रोग्रॅम चालवला की तो मालकी रूटकडे देऊन बसतो, आणि होममध्ये जागा शिल्लक आहे का ते, डिस्क गच्च भरली असेल तर सेटिंग कुठे लिहिणार बिचारा.

आता लाईट. ही भानगड तुमच्याकडे लाईट जात नसेल तर कदाचित कधी दिसणारच नाही. लाईट गेली की दोन्ही मॉनिटर बंद, लॅपटॉप बॅटरीवर चालूच. लॅपटॉपच्या दृष्टीने दोन्ही मॉनिटर काढून घेतले गेले, म्हणजे संच बदलला, एकटा लॅपटॉप उरला. लाईट आली की मॉनिटर एकदम येत नाहीत, माझा एचडीएमआयवाला आधी जागा होतो आणि डिस्प्लेपोर्टवाला चार-पाच सेकंद जांभया देतो. तेवढ्या वेळात ग्नोमला दिसतो लॅपटॉप अधिक मोठा असा तिसराच संच, जो त्याच्या वहीत नाही, मग तो मनाने काहीतरी लावतो, मग चौथा बदल. वर लॅपटॉपचं झाकण बंद असेल तर ग्नोम आतली स्क्रीन मोजतच नाही, म्हणजे ते संच पुन्हा वेगळे. तीन स्क्रीन आहेत, त्यांचे सात संच होतात, मोजून बघा हवं तर.

म्हणून मी एका रविवारी बसून मुद्दाम केबली काढल्या. एकटा लॅपटॉप, मांडणी, कीप चेंजेस. मोठा लावला, मांडणी, कीप चेंजेस. उभा लावला, परत. मग झाकण बंद करून दोन्ही. सातपैकी जे पाच माझ्याकडे खरंच घडतात ते पाच वहीत लिहून घेतले. त्यानंतर लाईट गेली आणि आली तरी स्क्रीन दोनदा काळी होते पण शेवटी जागेवर येऊन बसते. माझ्या मते या सगळ्या लिखाणातलं सगळ्यात उपयोगी काम हेच आहे आणि याला एकही कमांड लागत नाही.

याच्याच जवळची तक्रार म्हणजे लाईट न जाताही, मॉनिटरचं बटण बंद करून जेवायला गेलो, आलो तर सगळ्या विंडो लॅपटॉपच्या स्क्रीनवर गोळा. डिस्प्लेपोर्टवर हे फार होतं. बरेच डिस्प्लेपोर्टचे मॉनिटर बटणाने बंद केले की केबल उपटल्यासारखा सिग्नल देतात, एचडीएमआयवर हे तितकं होत नाही. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डीप स्लीप किंवा तसलं काही असेल तर बंद करा, नाहीतर बटणाला हातच लावू नका, सुपर आणि एल दाबून लॉक करा आणि स्क्रीन आपोआप झोपू द्या. नक्की काय होतंय ते बघायचं असेल तर यूडेव्ह-ॲडम मॉनिटर ही कमांड टर्मिनलमध्ये चालू ठेवा आणि मॉनिटरचं बटण दाबा. त्या क्षणी डीआरएमच्या नावाची चेंजची ओळ पडली तर मॉनिटर निघून गेल्याचं लॅपटॉपला कळलं. आणि विंडोंच्या जागा ही मॉनिटरच्या मांडणीपेक्षा वेगळी गोष्ट आहे, वेलँडमध्ये ॲपला स्वतःची जागा स्वतः ठरवता येत नाही, त्यामुळे मांडणी शंभर टक्के परत आली तरी विंडो येतीलच असं नाही. तिथे मी हात टेकलेत आणि मॉनिटरांना एक छोटा यूपीएस घेतलाय.

लॉगिन स्क्रीनचं मात्र सोपं निघालं, लाज वाटावी इतकं. लॉगिन स्क्रीन म्हणजे जीडीएम, तो जीडीएम नावाच्या वेगळ्याच युजरखाली चालतो. त्याला तुमच्या होममधली वही दिसतच नाही, त्याची स्वतःची वही आहे. उबंटू २२.०४ वर ती वार, लिब, जीडीएम ३, डॉट कॉन्फिग या फोल्डरात असते, फेडोरा आणि आर्चच्या जुन्या आवृत्त्यांवर त्या नावातला ३ नसतो. तुमची मॉनिटर्स डॉट एक्सएमएल सुडो सीपीने तिथे टाका, सीएच-ओनने मालक आणि ग्रुप दोन्ही जीडीएम करा, रीस्टार्ट. झालं. आठ महिन्यांची मानदुखी दोन ओळींत गेली.

यात एकच खड्डा आहे, एनव्हिडियावाल्यांसाठी. तुमचं सेशन एक्सवर आणि लॉगिन स्क्रीन वेलँडवर किंवा उलट असेल तर पोर्टांची नावं जुळत नाहीत. एनव्हिडियाचा ड्रायव्हर एक्समध्ये शून्यापासून मोजतो, डीपी ०, आणि वेलँडमध्ये मोजणी एकपासून. एएमडीच्या एक्स ड्रायव्हरमध्ये तर नावच डिस्प्लेपोर्ट ० असं लांबलचक येतं. म्हणजे फाईल बरोबर जागी, मालक बरोबर, आणि तरी लॉगिन आडवंच. लॉगिनच्या पानावर गियरच्या चिन्हातून तुमचं सेशन लॉगिन स्क्रीनच्याच प्रकाराचं ठेवा, किंवा वेलँडच्या सेशनमध्ये एकदा मांडणी करून ती फाईल न्या. एनव्हिडिया सेटिंग्जमधून सेव्ह टू एक्स कॉन्फिगरेशन फाईल केलंत तर ते ईटीसी, एक्स ११ मधल्या एक्सऑर्ग डॉट कॉन्फमध्ये लिहिलं जातं, ती वही फक्त एक्स सर्व्हर वाचतो, आणि त्याच्यावर परत डेस्कटॉप आपली मांडणी लावतोच. कधीकाळी दुसऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या वेळी केलेली एक्सऑर्ग डॉट कॉन्फ तिथे पडून असेल तर आधी ती बाजूला काढा.

ग्नोम नसलेल्यांसाठी थोडक्यात, कारण यातलं मी रोज वापरत नाही. मिंट सिनॅमनची वही डॉट कॉन्फिगमध्येच, नाव सिनॅमन डॅश मॉनिटर्स डॉट एक्सएमएल. नाशिकला माझा मावसभाऊ टॅलीची कामं करतो, त्याच्याकडे मिंट आहे आणि एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर. दिवाळीनंतर त्याचा फोन, दादा डावं उजवं झालंय, अपडेटने घाण केली. अपडेटचा काही संबंध नव्हता. दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या वायरी काढल्या होत्या आणि परत लावताना उलट्या पोर्टांना गेल्या. दोन्ही मॉनिटर सख्खे जुळे, मॉडेल तेच, सीरियलच्या जागी दोघांचंही शून्य, मग ओळखायला फक्त पोर्ट उरतो. वायरींना लाल आणि निळी टेप लावायला सांगितली.

केडीईमध्ये प्लाझ्मा ६ वेलँडवर असेल तर डॉट कॉन्फिगमध्ये केविन आउटपुट कॉन्फिग डॉट जेसन ही फाईल, आणि जुन्या प्लाझ्मा ५ ला डॉट लोकल, शेअर, केस्क्रीन या फोल्डरात चित्रविचित्र नावांच्या फाईली. बिघडलंय असं वाटलं तर नाव बदलून ठेवा आणि परत मांडा, ग्नोमसारखंच. एक्सएफसीईला ४.१४ पासून, म्हणजे ऑगस्ट २०१९ पासून, डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये प्रोफाइल करून ठेवता येतात आणि तो मॉनिटर लागला की आपोआप लावायची सोयही तिथेच आहे. फार कमी लोकांना माहितीय, सगळे स्क्रिप्टच लिहीत बसतात.

आणि आय३ वगैरे नुसता विंडो मॅनेजर चालवत असाल तर तिथे वही लिहिणारा कोणीच नसतो, तो तुम्हालाच आणावा लागतो. एक्सवर ऑटोरँडआर घ्या. मांडणी एकदा हाताने लावायची, ऑटोरँडआर डॅश डॅश सेव्ह आणि पुढे नाव, घर, ऑफिस काहीही. मग तो ईडीआयडीवरून ओळखतो की कुठे आहात आणि चेंज म्हटलं की लावतो. पोर्टाचे नंबर बदलत असतील, म्हणजे वर सांगितलेला डॉकचा आजार असेल, तर त्याला मॅच ईडीआयडी असा एक पर्याय आहे, तो पोर्टाकडे न बघता मॉनिटरकडे बघतो. ग्नोमलाही हे असतं तर मला दुसरी केबल घ्यावी लागली नसती. स्वेसारख्या वेलँडवाल्यांसाठी हेच काम कान्शी करतो.

माझ्याकडे गेले पाच महिने सगळं जागेवर आहे, एक प्रसंग सोडून. मागच्या महिन्यात खिडकीतून ऊन येतं म्हणून उभा मॉनिटर डावीकडून उजवीकडे नेला, सेटिंग्जमध्ये बदललं, सगळं छान. दुसऱ्या दिवशी लॉगिनला माउस परत भिंतीला धडकायला लागला. पाच मिनिटं डॉकला शिव्या घातल्या, मग आठवलं की जीडीएमकडे दिलेली फाईल ही नुसती कॉपी आहे, ती आपोआप बदलत नाही. परत सुडो सीपी.